वह्या रद्दीत घालण्याआधी : महाराष्ट्रातील फ्रीमेसन बंधूंना खुले पत्र

सन्माननीय बंधूंनो,

तुम्ही, फ्रीमेसन नावाच्या पुरुषांच्या जुन्या बंधुमंडळाचे सभासद, एकमेकांना 'बंधू' अशी हाक मारता. मी तुमची सभासद नाही, बाई असल्यामुळे होऊही शकत नाही, तरी हीच हाक घालून पत्राला सुरुवात करते आहे. माझ्या आजोबांनी तुमच्या एका लॉजच्या, म्हणजे शाखेच्या, इमारतीत एकतीस वर्षे शिपाई म्हणून काढली. फरशी पुसली, पितळी मेणबत्तीदाण्या चिंचेने घासल्या, तुमच्या जेवणाची टेबले मांडली आणि आवरली. त्या हिशेबाने थोडा हक्क माझ्याकडेही येतो, असे मला वाटते.

पत्र लिहिण्याचे कारण सांगते. काही महिन्यांपूर्वी ओळखीतल्या एका गृहस्थांकडून कळले की एका जुन्या लॉजच्या इमारतीची डागडुजी निघाली आहे, त्यासाठी माडीवरची एक खोली रिकामी करायची आहे आणि त्या खोलीतल्या कपाटांत असलेल्या जुन्या वह्या, हजेरीची पुस्तके, पत्रव्यवहाराच्या फायली 'निकाली काढायचे' ठरले आहे. निम्म्या वाळवीने खाल्ल्या आहेत, उरलेल्या कोणी वाचत नाही, असे कारण. मी रीतसर अर्ज केला. काढून टाकण्याआधी एकदा बघू द्या, जागेवरच बसून बघेन, एक कागदही बाहेर नेणार नाही, असे लिहिले. दोन ओळींचे उत्तर आले : कागदपत्रे खासगी आहेत, सभासदांखेरीज कोणालाही दाखवता येत नाहीत.

म्हणजे रद्दीवाल्याला देता येतात, मला दाखवता येत नाहीत.

त्या लॉजचे नाव मी इथे लिहीत नाही, कुठे आहे तेही नाही. उत्तर लिहिणारे गृहस्थ वयस्कर आहेत, बोलण्यात सौजन्य होते, त्यांना चारचौघांत उभे करण्याची माझी इच्छा नाही. शिवाय ही खोड एकाच लॉजची असती तर मी खुले पत्र लिहिले नसते, दुसरा अर्ज केला असता. मला भीती वाटते ती ही की असे कपाट आणखीही कुठे कुठे असेल आणि तिथल्या वह्यांची कुणकुण कुणाला लागलेलीही नसेल.

आमच्या चाळीत तुमच्या इमारतीला 'जादूघर' म्हणत. तुम्हाला हे ठाऊक असेलच, हिंदुस्थानभर तुमच्या वास्तूंना लोकांनी अशीच नावे ठेवली. कुणी भुताचा बंगला म्हणे, कुणी सैतानाचा. आत मुंडके ठेवलेले असते, नवीन माणसाला शवपेटीत झोपवतात, आत गेलेला माणूस पुन्हा कधी गरीब होत नाही, अशा कथा माझगावच्या आमच्या चाळीत रात्री नळाला पाणी येईपर्यंत रंगायच्या. सगळ्यांची नजर आजोबांकडे. आजोबा विडी ओढत गप्प. विधी सुरू व्हायच्या आधी त्यांना खाली पाठवून देत, त्यामुळे सांगण्यासारखे त्यांच्याकडे खरोखरच काही नव्हते. पण एक गोष्ट ते मला वारंवार सांगत. म्हणत, "बाय, तिथं गोरा, पारशी, मुसलमान, बामन एका टेबलावर जेवतात. एकाच भांड्यातनं वाढून घेतात. मी डोळ्यानं बघितलंय."

आम्ही संगमेश्वर तालुक्यातले. महार. आजोबांच्या लहानपणी गावच्या विहिरीला आमच्या माणसांचा हात लागत नव्हता. बाबासाहेबांनी १९२७ साली महाडच्या तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले तेव्हा आजोबा सोळा वर्षांचे होते आणि पुढची तीन-चार वर्षे गावी काढून ते मुंबईत आले. त्या माणसाने त्या टेबलाकडे कोणत्या नजरेने पाहिले असेल याचा विचार करा. ते टेबल ते मांडत होते, त्याला बसलेले मात्र कधीच नव्हते. तरी त्यांच्या बोलण्यात कडवटपणा नसे. असे टेबल जगात असू शकते, याचेच त्यांना नवल होते.

त्यांचे धाकटे भाऊ गवंडी होते, खरेखुरे गवंडी. परळच्या कितीतरी भिंती त्यांच्या हातच्या. ओळंबा, गुण्या, थापी, पाणसळ ही त्यांची हत्यारे. आजोबा त्यांना सांगत, "तुझीच हत्यारं आमच्या साहेब लोकांनी चांदीत घडवून गळ्यात घातलीत." तुमच्या मंडळाचा सगळा डोलारा गवंड्याच्या हत्यारांवर उभा आहे हे मला पुढे वाचून कळले : १७१७ साली लंडनच्या चार लॉजेसनी एकत्र येऊन पहिली ग्रँड लॉज, म्हणजे लॉजेसची मध्यवर्ती संस्था, स्थापली ती, माणसाचे आचरण ओळंब्यात आणि गुण्यात असावे अशी शिकवण ती, धर्म आणि राजकारणाचे वाद बाहेर ठेवायचा नियम तो. आणि हेही वाचनातूनच कळले की आजोबांनी पाहिलेले ते टेबल मुंबईत आपोआप मांडले गेले नव्हते. त्यासाठी एका माणसाला समुद्र ओलांडावा लागला होता.

माणेकजी कर्सेटजी.

तुमच्यातल्या अनेकांना हे नाव माहीत असेल, काहींना नसेल. बाहेर, आम्हा मराठी वाचकांत, ते जवळजवळ कुणालाच माहीत नाही. पस्तीस वर्षे मी मुंबईच्या शाळांत इतिहास शिकवला. एकाही वर्षी, एकाही इयत्तेच्या पाठ्यपुस्तकात हे नाव माझ्यासमोर आले नाही.

त्यांच्या वडिलांना मात्र सगळी मुंबई ओळखते, न ओळखता ओळखते. भायखळ्याला उड्डाणपुलाच्या दोन फाट्यांमध्ये जो 'खडा पारशी' उभा आहे, तो सेठ कर्सेटजी माणेकजी. १८४५ साली वारले. इंग्लंडच्या कोलब्रुकडेलच्या कारखान्यातून हा स्तंभ आणि पुतळा घडवून आणवला तो त्यांच्या धाकट्या मुलाने, माणेकजींनी. खाली चार जलपऱ्या, वर उंच खांब, त्याच्याही वर फेटा-झग्यातला म्हातारा. बसचा कंडक्टर "खडा पारशी" असे ओरडायचा आणि आम्ही पोरे उतरायचो. २०१४ साली महापालिकेने त्याचे नीट जतन केले तेव्हा मी मुद्दाम जाऊन पाहून आले. समाधान वाटले. बाप दिमाखात उभा आहे. ज्याने बापाला उभे केले त्या मुलाचे नाव तिथून जाणाऱ्या शंभरातल्या एकालाही सांगता येणार नाही.

माणेकजींचा जन्म १८०८ सालचा. पैसा, इंग्रजी, ओळखीपाळखी सगळे होते. नव्हता तो प्रवेश. मुंबईत १८०४ साली स्थापन झालेल्या साहित्य मंडळाची पुढे एशियाटिक सोसायटी झाली. टाउन हॉलच्या त्या प्रशस्त पायऱ्या आज आपण सहज चढतो. पण पहिली छत्तीस वर्षे तिथे एकही हिंदी, म्हणजे भारतीय, सभासद नव्हता. १८४० साली पहिला आत आला तो माणेकजी कर्सेटजी. याच वास्तूत पुढे आपल्याकडच्या किती विद्वानांनी अभ्यास केला, निबंध वाचले, ते मी सांगायला नको.

मेसनरीच्या दाराशीही ते असेच उभे राहिले. मुंबईत लॉजेस होती, पहिली तर १७५८ पासूनची, पण ती गोऱ्यांची. हिंदी माणसाला मेसन करूच नये असा लेखी नियम तुमच्या मूळ घटनेत कुठेच नव्हता, उलट परमेश्वराला मानणारा कोणताही सच्छील पुरुष चालेल असे तत्त्व होते. (तिकडे दक्षिणेत अर्काटच्या नवाबाच्या मुलाला, उमदत-उल-उमरांना, अठराव्या शतकातच मेसन केले गेले होते. नवाबजाद्याला तत्त्व लागू झाले, व्यापाऱ्याच्या मुलाला नाही.) माणेकजींनी मुंबईत अर्ज केला, नकार मिळाला. इंग्लंडला गेले, तिथेही दार उघडले नाही. मग ते पॅरिसला गेले आणि तिथल्या एका फ्रेंच लॉजने त्यांना दीक्षा दिली. त्या लॉजच्या नावाचा अर्थ 'विश्वाच्या गौरवासाठी' असा होतो. मुंबईच्या माणसाला मुंबईतले दार उघडत नव्हते म्हणून तो विश्वाच्या दाराने आत शिरला.

दीक्षा घेऊन परतले तरी इथल्या लॉजमध्ये त्यांना बंधू म्हणून बसवून घ्यायला गोऱ्यांची तयारी नव्हती. दीक्षा घेतलेला माणूस, खुणा ठाऊक असलेला, शपथ घेतलेला, तरी बाहेर. हा भाग मी वाचला तेव्हा पुस्तक मिटून बराच वेळ बसून राहिले. मी ज्या समाजात जन्मले त्याला यातली वेदना समजावून सांगावी लागत नाही. बाबासाहेब विलायतेहून मोठमोठ्या पदव्या घेऊन आले आणि बडोद्यात त्यांना राहायला खोली मिळेना. तुमची सगळी पात्रता आहे, फक्त तुम्ही तुम्ही आहात, एवढेच आडवे येते.

इथे डॉ. जेम्स बर्न्स येतात. मॉन्ट्रोजचे स्कॉटिश डॉक्टर, सिंधच्या अमिरांच्या दरबारी उपचाराला जाऊन आलेले, काबूलमध्ये १८४१ साली मारल्या गेलेल्या अलेक्झांडर बर्न्सचे थोरले भाऊ. १८३६ साली स्कॉटलंडच्या ग्रँड लॉजने त्यांना पश्चिम हिंदुस्थानाचे प्रांतिक प्रमुख नेमले होते. त्यांनी माणेकजींची बाजू घेतली आणि १५ डिसेंबर १८४३ रोजी मुंबईत 'रायझिंग स्टार ऑफ वेस्टर्न इंडिया' ही लॉज उभी राहिली, हिंदी माणसांना घेण्यासाठीच. स्वतः बर्न्स त्या लॉजच्या अध्यक्षाच्या आसनावर बसले. पारशी आणि मुसलमान उमेदवार आत आले, प्रत्येकाने आपापल्या धर्मग्रंथावर हात ठेवून शपथ घेतली.

या घटनेचे कौतुक करताना माझा हात जरा अडखळतो. ज्यांना तुमच्या पंगतीत बसवायचे नाही त्यांच्यासाठी वेगळी पंगत मांडायची, ही युक्ती आमच्या लोकांना फार जुनी आहे. वेगळे पाणवठे, वेगळे पेले, शाळेत वेगळा कोपरा. रायझिंग स्टार ही तशीच वेगळी पंगत होती का? थोडी होती. जुन्या लॉजने दार उघडले नाहीच, शेजारी दुसरे बांधले गेले. पण फरकही मोठा आहे आणि तो मी मान्य करते. या पंगतीला वाढायला नव्हे तर बसायला गोरा माणूस आला होता आणि एकदा का तिथे बसलेला हिंदी माणूस तुमच्याच कायद्याने पक्का बंधू ठरला, की त्याला दुसऱ्या लॉजच्या दारातून परत पाठवणे दिवसेंदिवस अवघड होत गेले. कलकत्त्याकडे पाहिले की हे नीट कळते. तिथे प्रसन्नकुमार दत्त या व्यापाऱ्याचे नाव १८६३ साली पुढे आले. हिंदू अनेक देव मानतात, त्यांना मेसन कसे करावे, असा घोळ घालत साहेबांनी त्यांना रखडवले आणि १८७२ साली, नऊ वर्षांनी, त्यांना दीक्षा मिळाली. मुंबईत तोवर हिंदी लॉजला एकोणतीस वर्षे होत आली होती. माणेकजींनी आणि बर्न्सनी काय साधले ते या आकड्यांत आहे.

पण माणेकजींचे मोठेपण मला दिसते ते पुढच्या कामात. आपल्याला दार उघडले की बहुतेक माणसे ते मागे लावून घेतात. या माणसाने पुढचे दार शोधले, आणि ते होते मुलींचे. स्वतःच्या मुलींना त्यांनी इंग्रजी शिकवले, पाहुण्यांसमोर मोकळेपणाने वावरू दिले, त्या काळात, स्वतःच्या समाजाचे टोमणे ऐकून. मग भायखळ्याच्या बंगल्यातच आणखी मुली शिकायला बसवल्या आणि १८६३ साली त्यातून अलेक्झांड्रा मुलींची इंग्रजी शाळा उभी राहिली. ती फोर्टात आजही चालू आहे. ते स्मॉल कॉज कोर्टाचे न्यायाधीशही होते. १८८७ साली वारले.

ते जोतीरावांसारखे नव्हते, हे मी इतिहासाची शिक्षिका म्हणून स्पष्ट सांगते. सावित्रीबाई आणि जोतीरावांनी १८४८ साली पुण्यात भिडेवाड्यात शाळा काढली ती सगळ्या जातींच्या मुलींसाठी. माणेकजींची शाळा चांगल्या घरच्या मुलींची, इंग्रजीतली, आणि त्यांची लॉजही चांगल्या घरच्या पुरुषांची. माझे आजोबा त्यांच्या काळात असते तरी शिपाईच असते. हे सगळे मान्य करूनही मी त्यांच्यासाठी भांडते आहे, कारण बंद दारापुढून मुकाट्याने मागे न फिरण्याचा हट्ट दोघांतही सारखाच होता आणि तो हट्ट शिकवण्यासारखा आहे.

आता माझ्या तक्रारी. त्या मी तुमच्यापुढे मांडते, कारण हे काम तुमच्या हातात आहे.

सगळ्यात मोठी तक्रार कागदांची. माणेकजींचा अर्ज कुणी नाकारला, कुणी बाजूने मत दिले, रायझिंग स्टारमध्ये पहिल्या वर्षांत कोण आले, त्यांच्यात मराठी माणसे कधी आली, कोणी त्यांच्या शेजारी बसायला नाही म्हटले, दुष्काळात, प्लेगात कुणाला किती मदत गेली, हे सगळे कुठे लिहिलेले असेल? सभांच्या वह्यांत. हजेरीच्या पुस्तकांत. वर्गणीच्या हिशेबांत. दीडशे-पावणेदोनशे वर्षे या शहरात वेगवेगळ्या धर्मांची माणसे एका छपराखाली नियमाने बसत होती, त्याची रोजनिशी तुमच्याकडे आहे. दुसऱ्या कुणाकडेही नाही. ती वाळवीने खाल्ली तर तो काळच खाल्ला जाईल. तुमच्या दृष्टीने त्या जुन्या वह्या असतील, पण या शहराची ती एकमेव प्रत आहे.

गुप्ततेचे कारण तुम्ही पुढे कराल, ते मी समजू शकते. तुमच्या खुणा, तुमचे शब्द, तुमचे विधी तुमचे आहेत. ते मला नको आहेत, दाखवलेत तरी मी डोळे मिटून घेईन. पण १८७० सालच्या हजेरीपटात कोणते गुपित आहे? तुमचे मूळ घर इंग्लंडचे. त्या इंग्लंडच्या ग्रँड लॉजने १७५१ ते १९२१ या काळातली सभासदांची नोंदणीपुस्तके कधीच लोकांसाठी खुली केली आहेत, घरबसल्या पाहता येतात. लंडनच्या त्यांच्या मुख्यालयात संग्रहालय आहे, ग्रंथालय आहे, सभासद नसलेला माणूसही तिथे जाऊ शकतो. जिथून ही परंपरा आली तिथे दार उघडे आणि जिथे ते उघडावे म्हणून माणेकजी झगडले तिथे कुलूप, हे मला पटत नाही.

तुमच्याकडेही असे काही कधी नव्हते असे नाही. खरशेदजी रुस्तमजी कामा आठवा. पारशांच्या धर्मग्रंथाच्या, अवेस्ताच्या, अभ्यासाला मुंबईत शास्त्रशुद्ध पायावर उभे करणारे, पॅरिसला आणि जर्मनीत जाऊन पंडितांच्या पायाशी बसून शिकलेले, परत येऊन घरी वर्ग चालवणारे. मादाम कामांचे ते सासरे. १८५४ साली ते मेसन झाले होते. त्यांच्या मेसन जीवनाला पन्नास वर्षे झाली तेव्हा तुमच्याच बंधूंनी लेख लिहिले, जीवनजी जमशेदजी मोदींनी ते संपादित केले आणि १९०७ साली मुंबईत त्यांचा ग्रंथ छापला. लपवला नाही, छापला. आज त्यांच्या नावाची संशोधन संस्था फोर्टात उभी आहे. शंभराहून अधिक वर्षांपूर्वी ज्यांना आपल्या माणसाबद्दल लिहून छापावेसे वाटले, त्यांचे तुम्ही वारस आहात.

दुसरी तक्रार भाषेची, आणि ती थोडक्यात सांगते, कारण तिच्यात फार काही समजावण्यासारखे नाही. या शहरातल्या तुमच्या इतिहासावर जे काही वाचायला मिळाले ते मला इंग्रजीत मिळाले, थोडे गुजरातीत. मराठीत, ज्या भाषेत तुमचे शिपाई, माळी, स्वयंपाकी बोलत होते त्या भाषेत, मला हाती धरण्यासारखे एकही पुस्तक सापडले नाही. मग चाळीत मुंडक्याच्या गोष्टी चालतात यात चाळीचा दोष काय? जिथे माहिती पोचत नाही तिथे जादूघरच उभे राहते.

तिसरी तक्रार तुमच्या सेवकांची. ही माझ्या काळजातली आहे. माझ्या आजोबांचे नाव तुमच्या पगाराच्या वहीत असणार. त्यांना पहिला पगार किती मिळाला, रजा मिळत होती का, १९४४ च्या एप्रिलमध्ये गोदीत स्फोट झाला त्या आठवड्यात ते कामावर हजर होते का? आई सांगायची की त्या दिवशी त्यांचा काही पत्ता नव्हता आणि दुसऱ्या दिवशी ते धुळीने माखून घरी आले. कुठे होते ते त्यांनी कधी सांगितले नाही. आमच्या घरात त्यांचा एक फोटो नाही, त्यांच्या हातचे एक अक्षर नाही, कारण अक्षर येतच नव्हते. वहीत त्यांच्या नावापुढे दर महिन्याला अंगठा असेल. तो अंगठा एवढीच त्यांची या जगातली लेखी खूण. खासगी कागद म्हणून तुम्ही जो मला नाकारलात, तो माझ्या आजोबांचा अंगठा आहे.

आता मागण्या. मी फार मागत नाही आणि जे मागते ते करता येण्यासारखे आहे.

महाराष्ट्रातल्या कोणत्याही लॉजने १९६१ च्या आधीचा एकही कागद, एकही वही काढून टाकू नये, वाळवीने अर्धी खाल्लेली असली तरी. हा निर्णय आजच व्हावा, बाकीचे सावकाश झाले तरी चालेल. १९६१ यासाठी म्हणते की त्या वर्षी नोव्हेंबरमध्ये भारताची स्वतंत्र ग्रँड लॉज स्थापन झाली. तिथवरचा काळ आता इतिहासात जमा झाला आहे, त्यातला बहुतेक कुणी हयात नाही.

त्या कागदांची यादी करावी. यादीसाठी पंडित लागत नाहीत, एक कोरी वही आणि दोन चिकाटीची माणसे लागतात. मी त्यातली एक व्हायला तयार आहे, विनामोबदला. माझ्याबरोबर इतिहास शिकवणाऱ्या आणखी दोघी निवृत्त शिक्षिका तयार आहेत. वाळवी लागलेले कागद कसे हाताळायचे ते आम्ही शिकून घेऊ.

यादी झाल्यावर अभ्यासकांना, सभासद असो वा नसो, पुरुष असो वा बाई, ठरलेल्या दिवशी ठरलेल्या वेळी ते बघता यावेत. ज्यात तुमच्या विधींचे वर्णन आहे ती पाने खुशाल बाजूला ठेवा.

माणेकजी कर्सेटजींचे छोटे चरित्र मराठीत काढावे. चाळीस पानांचे चालेल, पण शाळेच्या मुलाला वाचता येईल असे. आणि भायखळ्याला खड्या पारशाच्या पायथ्याशी, वडिलांच्या सावलीत, मुलाचे नाव आणि त्याने केलेले काम मराठीत सांगणारा ठळक फलक लागावा यासाठी महापालिकेकडे तुम्ही पुढाकार घ्यावा. तुम्ही मागितलात तर ऐकले जाईल. आमच्यासारख्यांनी मागितले की अर्ज या टेबलावरून त्या टेबलावर फिरत राहतो.

सभासदत्व मी मागत नाही. बायकांना तुम्ही घ्यावे की नाही हा तुमचा आणि तुमच्या घटनेचा प्रश्न आहे, आणि मुलींसाठी शाळा काढणाऱ्या माणेकजींना त्यावर काय वाटले असते याचा विचार तुम्ही तुमच्या सभेत करालच. मला हवी आहे ती एक खुर्ची, एक टेबल आणि खिडकीतला उजेड. इंग्रजी मला वाचता येते, गुजराती अक्षर लावून लावून वाचते, जुन्या हस्ताक्षराची सवय आहे. भिंग माझे मी आणीन. शिसपेन्सिलीने टिपणे घेईन, शाईचे पेन पिशवीतही ठेवणार नाही.

सोमवारी आणि गुरुवारी मी मोकळी असते. निरोप मिळाला की सकाळी दहाला येईन. मागच्या दाराने आत घेतलेत तरी चालेल. आजोबा त्याच दाराने ये-जा करत.

आपली,
मेसन हॉलच्या एका शिपायाची नात,
निवृत्त शिक्षिका, माझगाव, मुंबई